शाळेत लेखक बोलवावा की चित्रकार, आणि नेमका कोण?

फोंडा तालुक्यातल्या एका अनुदानित शाळेतल्या बाईंनी विचारलंय. पहिली ते दहावी मिळून साधारण साडेतीनशे मुलं. पालक-शिक्षक संघाने यंदा लेखक-भेटीच्या कार्यक्रमासाठी थोडे पैसे बाजूला काढलेत. मुख्याध्यापकांना पुण्या-मुंबईचं एखादं गाजलेलं नाव हवंय. बाईंचं मत असं की चित्रकार आणला तर प्राथमिकच्या मुलांच्या पदरात जास्त पडेल. निवड कशावर करायची, मानधनाचं कसं, एका दिवसात सगळ्या वर्गांना पाहुणा कसा पुरवायचा, आणि व्यवस्थापन समितीतल्या एकांच्या ओळखीचे कवी आहेत त्यांना नाही कसं म्हणायचं, असे चार प्रश्न त्यांनी एकाच दमात टाकलेत.

बाई, मी आधी शाळेची ग्रंथपाल होते आणि नंतर पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या शाळांना लेखक-चित्रकार जोडून द्यायचं काम करत आले. त्या अनुभवावरून सांगते: नावांची यादी सध्या बाजूला ठेवा आणि ग्रंथालयाचं कपाट उघडा. आधी पुस्तक ठरवा. पाहुणा त्या पुस्तकावरून ठरेल.

लेखक शाळेच्या पायऱ्या चढतो तेव्हा भेट कशी होणार हे बहुतेक ठरून गेलेलं असतं. मुलांनी पुस्तक वाचलेलं असेल तर प्रश्न येतात ते असे: तो कुत्रा शेवटी घरी आला का, आजीची साडी पुढच्या पानावर निळी का झाली, त्या मुलाचे वडील कुठे आहेत. आणि पुस्तक पाहिलेलंच नसेल तर येतो तो नेहमीचा एकच, "आपल्याला लिहिण्याची प्रेरणा कुठून मिळाली?" तोही शिक्षकांनी आदल्या दिवशी चिठ्ठीवर लिहून दिलेला. पाहुणा कितीही मोठा असो, दुसऱ्या प्रकारच्या भेटीत तो भाषणच करणार, कारण त्याला करायला दुसरं काही उरलेलंच नसतं.

तेव्हा पहिलं काम हे करा. चार-पाच वेगवेगळ्या लेखक-चित्रकारांची पुस्तकं मिळवा आणि दोन-तीन आठवडे वर्गात मोठ्याने वाचून दाखवा. कोणतं पुस्तक मुलं परत मागतात, मधल्या सुट्टीत कोणत्या पुस्तकावर दोन डोकी वाकलेली दिसतात, याची नोंद ठेवा. मुलांची निवड आणि आपली निवड पुष्कळदा जुळत नाही. आपल्याला भाषा सुंदर वाटलेलं पुस्तक तसंच पडून राहतं आणि एखाद्या म्हशीच्या गोष्टीची पानं सुटायला येतात.

पुस्तकं शोधायची कुठे? पणजीला पाटोवरचं कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ सालची ही संस्था देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांपैकी एक, पण शिक्षक मंडळी तिथे स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांपलीकडे क्वचित जातात. बालविभागात एक दुपार काढा. साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याचा पुरस्कार देते, मराठीला वेगळा आणि कोकणीला वेगळा. दोन्ही याद्या पाहा. टाटा ट्रस्ट्सच्या पराग उपक्रमाचा बिग लिटल बुक अवॉर्ड २०१६ मध्ये सुरू झाला. त्यात लेखक आणि चित्रकार यांना वेगवेगळा सन्मान मिळतो, म्हणून चित्रकार शोधणाऱ्याला ती यादी जास्त उपयोगी. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय आणि त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. ते चाळताना गोष्टीचं शीर्षक पाहायच्या आधी चित्रकाराचं नाव पाहायची सवय लावा. नॅशनल बुक ट्रस्टची पुस्तकं स्वस्त असतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर मराठी आणि कोकणी दोन्ही भाषांतली चित्रपुस्तकं फुकट मिळतात, छापूनही घेता येतात. पणजीची बुकवर्म ही संस्था २००५ पासून मुलांच्या वाचनाचं काम करते, शाळांबरोबरही करते. तिथे जाऊन निदान पुस्तकं कशी मांडलीत तेवढं तरी पाहून या.

आता लेखक की चित्रकार. तुमचा कल बरोबर आहे, पण कारण थोडं वेगळं आहे. लहान मुलांना चित्रं आवडतात हे खरंच, पण आपल्याकडे खरी अडचण भाषेची येते. आपली मुलं घरी कोकणी बोलतात, चौथीपर्यंत मराठी किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून बहुतेक ठिकाणी एकदम इंग्रजीत जातात. बाहेरून आलेला लेखक स्वच्छ, वेगवान पुणेरी मराठीत बोलू लागला की दुसरीतली मुलं शिस्तीत बसून राहतात, आणि आपण समजतो की ती रमली आहेत. चित्रकाराच्या हातात खडू असतो. त्याने काढलेली रेघ सगळ्यांना एकाच वेळी कळते आणि मुलं कोकणीतून ओरडून उत्तर देतात, "सर, ताका शेंपडी ना!" शेपटी राहिली हे सांगायला कुणाला मराठी शुद्ध करावं लागत नाही.

एकशिक्षकी शाळेत, जिथे चार इयत्ता एकाच खोलीत बसतात, तिथे तर मी चित्रकारच सुचवते. पहिलीतला आणि चौथीतला मुलगा एकच गोष्ट ऐकून सारखा रमेल अशी लेखकाकडून अपेक्षा ठेवणं अवघड आहे. चित्र मात्र दोघंही काढतात, आपापल्या वकुबाने.

पण इथे एक खड्डा आहे. चित्रकार म्हणजे पुस्तकाचा चित्रकार. कॅनव्हासवर निसर्गदृश्य उत्तम काढणारा, प्रदर्शनं भरवणारा कलाकार निराळा आणि गोष्टीसाठी चित्रं काढणारा निराळा. पहिल्याला बोलावलंत तर तो एक सुरेख प्रात्यक्षिक देईल, मुलं टाळ्या वाजवतील, आणि पुस्तकाचा विषय निघणारच नाही. त्याची भेट चित्रकलेच्या तासाला ठेवा, तिथे ती शोभेल. पुस्तकाच्या चित्रकाराला वेगळ्या गोष्टी माहीत असतात. एकच मुलगी सोळा पानांवर समोरून, मागून, पळताना, रडताना काढायची आणि प्रत्येक वेळी ती तीच वाटली पाहिजे. पान उलटल्यावर काय दिसावं आणि उलटायच्या आधी काय लपवावं. मजकुरात नसलेलं मांजर कोपऱ्यात का बसवलं. पुस्तक आठ किंवा सोळा पानांच्या फर्म्यात, म्हणजे एकाच मोठ्या कागदावर, छापलं जातं, म्हणून गोष्ट एकोणीस पानांची झाली तर तिला कुठेतरी कापावं नाहीतर ताणावं लागतं. हे मुलांना सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात, कारण पुस्तक कुणीतरी बसून बनवलेली वस्तू आहे हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

म्हणून फोनवर चित्रकाराला एकच विचारा: "तुमची रफ चित्रं आणि डमी, म्हणजे पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना, मुलांना दाखवायला आणाल का?" जो लगेच "हो, फेकून दिलेलीही आणतो" म्हणतो त्याचं नाव वर ठेवा. ज्याला फक्त छापलेली सुंदर पानं स्क्रीनवर दाखवायची आहेत त्याचं खाली.

डिचोली तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेतला तास मला या बाबतीत नमुना वाटतो. चित्रकार बाहेरचे होते. त्यांनी आल्याआल्या मुलांना "तुमचं गाव काढा" एवढंच सांगितलं. दहा मिनिटांत जवळजवळ सगळ्या कागदांवर तेच उगवलं जे महाराष्ट्रात, गोव्यात सगळीकडे उगवतं: दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, काठावर कौलारू घर आणि आकाशात मराठी चारच्या आकड्यासारखे पक्षी. त्यांनी कुणालाही चूक म्हटलं नाही. कागद गोळा केले, भिंतीला लावले आणि विचारलं, "यातलं कुणाचं घर कुठलं, मला ओळखता येईल का?" मुलं गप्प. मग म्हणाले, "मी गोव्याचा नाही. तुमच्याकडे चवथीला गणपतीच्या वर काहीतरी बांधतात म्हणे, मला कुणीतरी काढून दाखवा." माटोळीचं, म्हणजे गणपतीवर फळं-पानं टांगायच्या चौकटीचं, नाव निघालं आणि वर्गाचा बाजार झाला. कुणी नारळांचा घोस काढला, कुणी सुपारीचा घड, एकीने कांगलां ही रानफळं काढली आणि त्यांचा नारिंगी रंग तेलखडूंच्या डब्यात नाही म्हणून भांडण केलं, शेवटी पिवळ्यावर लाल घासून तो केला. चित्रकार फळ्याशी उभे राहून मुलं सांगतील तसं काढत होते आणि मुलं त्यांना दुरुस्त करत होती: घागऱ्यो, त्या रानातल्या शेंगा, तशा नसतात, त्या खुळखुळतात. "खुळखुळणं कसं काढू?" त्यांनी विचारलं. त्यावर तिसरीतल्या एका मुलाने जे उत्तर दिलं ते कुठल्याही कला महाविद्यालयात चाललं असतं: "एक शेंग दोनदां काड, एक हांगा, एक मात्शी थंय." एक इथे, एक जराशी तिथे.

हा तास घडला कारण त्या माणसाला स्वतःचं अज्ञान वापरता येत होतं. निवडताना मी शोधते ती ही गोष्ट. पाहुणा मुलांना काही विचारतो का, आणि उत्तर ऐकून आपला बेत बदलतो का?

हे आधी कळायचं कसं? त्यांच्या आधीच्या एखाद्या कार्यक्रमाचा व्हिडिओ मिळतोच. तो पाहताना पाहुण्याकडे बघू नका, मुलांकडे बघा. शेवटच्या रांगेतली मुलं काय करतायत? दुसरं, ते नुकतेच ज्या शाळेत जाऊन आले तिथल्या मुख्याध्यापकांना विचारू नका, ते "फारच छान झालं" म्हणतील. त्या वर्गावर असलेल्या शिक्षिकेला फोन करा. मुलं बोलली का, आणि पुढच्या आठवड्यात कुणी ते पुस्तक मागायला आलं का, एवढंच विचारा. ती दोन सेकंद थांबली की तुम्हाला उत्तर मिळालं. तिसरं, पाहुण्याशी स्वतः दहा मिनिटं बोला. "किती मुलं असतील, कितवीची, त्यांनी काय वाचलंय" हे प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारले तर माणूस कामाचा. त्यांचे पहिले दोन प्रश्न माईक आणि प्रमुख पाहुणे यांविषयी असतील तर आभार मानून फोन ठेवा.

वरच्या वर्गांसाठी, म्हणजे सहावी-सातवीपासून पुढे, मी लेखकच सुचवेन. त्या वयात मुलं चित्र काढायला लाजतात, शेजारच्याचा कागद बघून स्वतःचा चुरगाळतात. त्यांना खाडाखोड दाखवणारा लेखक हवा. एका लेखिकेने आठवीच्या वर्गात स्वतःच्या गोष्टीचा पहिला परिच्छेद पाच रूपांत वाचून दाखवला आणि कोणता छापला असेल ते ओळखायला सांगितलं. वर्ग दोन तटांत विभागला आणि तास संपेपर्यंत वाद चालला. पण लेखकाला हे आधीच कळवा की ही मुलं इंग्रजी माध्यमातली आहेत, मराठी त्यांचा एक विषय आहे, आणि त्यांचं मराठी वाचन पुण्याच्या आठवीइतकं नाही. बुद्धी कमी नाही, सराव कमी आहे. हे न कळवल्यामुळे पाहुणे व्यासपीठावरून "गोव्यात मराठीची ही अवस्था" या विषयावर घसरलेले मी पाहिलेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यापासून मोठ्यांचा कोकणी-मराठीचा जो वाद चाललाय तो बारा वर्षांच्या मुलांपुढे मांडायचं कारण नाही. मुलाने कोकणीत प्रश्न विचारला तर तो कोकणीतच राहू द्या. पाहुण्याला कळला नाही तर शेजारी बसलेल्या बाई सांगतील. बोरीचे कवी बाकीबाब बोरकर दोन्ही भाषांत लिहीत होते, आणि बोरी तुमच्याच तालुक्यातली आहे.

आता मुख्याध्यापकांचं गाजलेलं नाव. त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. मोठं नाव आलं की पालक येतात, वर्तमानपत्रात बातमी येते, पुढच्या वर्षी पैसे मंजूर होणं सोपं जातं. शाळा चालवणाऱ्याला हे पाहावंच लागतं. पण गाजलेले लेखक बहुतेक मोठ्यांसाठी लिहिणारे असतात आणि मुलांपुढे आले की बालपणीच्या आठवणी सांगतात. ते नाव मुलांच्या पुस्तकावर असेल आणि ते पुस्तक तुमच्या मुलांनी उचललेलं असेल तर खुशाल बोलवा. नसेल तर मुख्याध्यापकांना सांगा की त्या पाहुण्यासाठी संध्याकाळी पालकांचा कार्यक्रम ठेवू, आणि मुलांचा दिवस वेगळा.

ओळखीतले कवी, हा खास आपला प्रश्न. गोवा एवढासा, प्रत्येकाचा मेहुणा कवी, आणि प्रत्येक मेहुण्याचा स्वखर्चाने काढलेला संग्रह घरी गठ्ठ्याने पडलेला. "नाही" म्हणू नका, ते लागतं. सत्तावीस फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असतो, त्या दिवशी प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं त्यांना द्या. लेखक-भेटीसाठी मात्र आधीच एक लेखी निकष करून ठेवा: पाहुण्याचं निदान एक पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात असलं पाहिजे आणि ते भेटीआधी दोन वर्गांत वाचलं गेलेलं असलं पाहिजे. निकष लिहिलेला असला की नकार कागद देतो, तुम्हाला द्यावा लागत नाही. शिवाय कुणी सांगावं, एखाद्या मेहुण्याचं पुस्तक मुलांना खरंच आवडलं तर निकषात बसून तोही येईल.

पाहुणा लांबूनच आणायला हवा असंही नाही. चित्रकार दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचेच, आणि मराठी मुखपृष्ठांचा एक अख्खा काळ त्यांच्या हातून गेला. लोटलीच्या मारिओ मिरांडांची चित्रं तर मुलांनी कपांवर आणि टाइलांवर पाहिलेली असतात, ती कुणा माणसाने बसून काढली हे त्यांना ठाऊक नसतं इतकंच. आल्तिनोवरच्या गोवा कला महाविद्यालयातून बाहेर पडलेली तरुण मुलंमुली आज पुस्तकांसाठी, मासिकांसाठी काम करतात. त्यांच्यापैकी कुणाचं एखादं छापील पुस्तक असेल तर बोलवा. मानधन परवडतं, आणि आपल्यासारखीच कोकणी बोलणारी ताई पुस्तकं काढते हे पाहून पाचवीतल्या मुलीवर जो परिणाम होतो तो मोठ्या नावाने होत नाही. सिंधुदुर्गही जवळ आहे. सावंतवाडी-कुडाळचे लेखक पेडणे-डिचोलीला सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाऊ शकतात, आणि त्यांची मालवणी आपल्या मुलांना परकी वाटत नाही. फक्त स्थानिक आहेत म्हणून फुकट येतील असं गृहीत धरू नका.

एका दिवसात साडेतीनशे मुलं. नाही, बाई. सभागृहात सगळ्यांना बसवून जे होतं त्याला भेट म्हणत नाहीत. चित्रकारासमोर एका वेळी तीस-पस्तीस मुलं, त्याहून जास्त नको. त्याला कागदावर वाकून बघता आलं पाहिजे. पहिली-दुसरीला चाळीस मिनिटं पुरतात, मोठ्यांना दीड तासही चालतो. आपल्या शाळा आठच्या सुमारास भरून दीडला सुटतात, म्हणजे एका सकाळी दोन सत्रं नीट होतात, तिसरं ओढूनताणून. तेव्हा यंदा कोणत्या दोन-तीन वर्गांना भेट द्यायची ते ठरवा आणि बाकीच्यांना पुढच्या वर्षी. पालक कुरकुर करतील. त्यांना सांगा की सगळ्यांना थोडं थोडं वाटलं की कुणाच्याच हाती काही लागत नाही. यावर एक चांगला तोडगा म्हणजे शेजारच्या तीन-चार शाळांनी मिळून पाहुण्याला तीन दिवस बोलवायचं. प्रवासखर्च वाटला जातो. फोंड्याहून साखळी किंवा वाळपई काही फार लांब नाही. भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या कानावर घातलंत तर शाळा जुळवायला तेच मदत करतील.

आणि कृपा करून समारंभ आवरा. स्वागतगीत, समई, दीपप्रज्वलन, ओळख, शाल, श्रीफळ, मुख्याध्यापकांचं मनोगत, अध्यक्षांचं मनोगत, आणि शेवटी "वेळेअभावी" पाहुण्यांना वीस मिनिटं. शाल-श्रीफळ द्यायचंच तर शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर द्या. ओळख एका मुलीला करून द्यायला सांगा, पुस्तकातलं एक पान वाचून. बसायला खुर्च्यांपेक्षा सतरंजी बरी. प्रोजेक्टर असला तरी वीज जाईल असं धरून चाला, फळा आणि मोठे चार्ट पेपर हाताशी ठेवा. वर्गावरच्या शिक्षिकेने तासभर खोलीतच राहायचं, वह्या तपासायला बसायचं नाही. पाहुणा कितीही सज्जन असो, मुलांबरोबर त्याला एकटं सोडू नये. गोव्याला २००३ पासून स्वतःचा बाल कायदा आहे आणि त्याआधी साधी रीतभातही आहे. मुलांचे फोटो काढायचे, कुठे टाकायचे, यासाठी पालकांची लेखी परवानगी आधीच घ्या, आणि हा नियम पाहुण्यालाही फोनवरच सांगा.

मानधनाचा आकडा मी देणार नाही, कारण माणसागणिक तो फार बदलतो, पण पद्धत सांगते. पहिल्याच फोनवर आपण विषय काढायचा: "आमच्याकडे इतके आहेत, प्रवास आणि राहणं वेगळं. जमेल का?" आपल्याकडे पैशाचं बोलायला संकोच वाटतो, मग पाहुणाही गप्प राहतो आणि शेवटी पाकिटात काय निघेल या चिंतेत तो दिवस घालवतो. लेखन-चित्रकला हा त्याचा धंदा आहे आणि तुमच्याकडे आलेला दिवस म्हणजे त्याचा कामाचा बुडालेला दिवस. कमी असेल तर कमी सांगा, अनेक जण कमीतही येतात. "इतक्या प्रती विकत घेतल्याच पाहिजेत" अशी अट कुणी घातली तर मात्र सावध व्हा. पुस्तकविक्री ठेवायची तर पालकांना आठवडाभर आधी चिठ्ठी द्या, किंमत लिहा, आणि घेतलंच पाहिजे असा सूर नको. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी छोट्या कागदी पट्ट्यांवर स्वाक्षऱ्या घ्या. चित्रकार असेल तर तो पट्टीवर एक मासळीही काढून देतो, आणि ती पट्टी छापील पुस्तकापेक्षा जास्त जपली जाते. प्रकाशकाला थेट पत्र लिहिलंत तर शाळेला सवलत मिळते, आणि लेखक-चित्रकारांशी संपर्कही बहुधा तेच करून देतात.

ऑनलाइन भेटीचाही पर्याय कुणीतरी सुचवेलच. एका वर्गाने पुस्तक वाचून झाल्यावर अर्धा तास प्रश्न विचारायला ती ठीक आहे. चित्रकारासाठी नाही.

तारखेकडे नीट बघा. पावसाळ्यात पत्र्याखाली किंवा कौलाखाली बसलेल्या वर्गात जुलैच्या सरीत एक शब्द ऐकू येत नाही, आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक पाहुण्याला रडवतं. चवथीच्या आधीचा पंधरवडा वाया, मुलांचं लक्ष माटोळीत. दिवाळीची सुट्टी संपल्यावर नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा उत्तम, पण तीन डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त, म्हणजे सेंट झेवियरचा उत्सव, असतं ते धरा. नाताळनंतर जानेवारीही चांगला. गावच्या जत्रेची तारीख पुजाऱ्यांना विचारून घ्या. त्या आठवड्यात अर्धा वर्ग रिकामा असतो. पाहुण्याला आदल्या संध्याकाळीच आणा. रात्रीच्या गाडीने मडगावला पहाटे उतरून आठला वर्गात उभं राहणाऱ्या माणसाकडून मुलांना काही मिळत नाही.

तुमच्या शाळेसाठी माझं मत विचाराल तर यंदा तिसरी आणि चौथीसाठी पुस्तकाचा चित्रकार, शक्यतो गोव्यातला किंवा सिंधुदुर्गातला, आणि पैसे उरले तर त्यातून त्याच्या पुस्तकांच्या वर्गागणिक पाच-सहा प्रती. सातवी-आठवीसाठी लेखक पुढच्या वर्षी. तारीख पक्की झाली की त्याच दिवशी पुस्तकांची ऑर्डर द्या, कारण पार्सल यायला वेळ लागतो आणि मुलांना ती निदान महिनाभर हाताळायला मिळाली पाहिजेत.